तिलिस्मातली बंदूक

जादूच्या दुनियेत बंदूक असावी की नसावी? वरवर पाहता हा प्रश्न पोरखेळ वाटेल. ज्या दुनियेत अजगर आग ओकतात, मेलेली माणसे उठून चालतात आणि मंत्र म्हटला की भिंत सरकते, तिथे एक लोखंडी नळी आणि चिमूटभर बारूद आली म्हणून काय बिघडणार आहे? तरीही हा वाद पन्नास वर्षे चालला आहे, आणि नोकरीधंदा करणारी शहाणीसुरती माणसे त्यात हिरिरीने उतरतात. ताकद कमवावी लागते की विकत घेता येते, आणि एकदा ती हातून निसटली की तिचा जाब कोणी द्यायचा, असा खरा मामला त्याच्या तळाशी आहे. म्हणून आम्ही, उर्दू माध्यमात शिकवणारे, या परक्या खेळाच्या भांडणात नाक खुपसत आहोत.

खेळ अमेरिकेतला. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने आणला. आता पुण्या-मुंबईतली मुलेही तो खेळतात. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. समोर कागद, पेन्सिल आणि फासे. त्यांत वीस बाजूंचा फासा मानाचा. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात. उर्दूवाल्यांना हे समजावायला वेळ लागत नाही. डंजन मास्टर म्हणजे दास्तानगो. फरक एवढाच की इथे ऐकणारे मध्येच बोलतात, 'आमचा अमीर हमजा दरवाजाने जाणार नाही, खिडकीने जाईल.' मग फासा पडतो आणि जमले की फसले ते ठरते. प्रत्येक पात्राला एक 'क्लास' असतो. आम्हां मास्तरांच्या कानाला तो वर्ग वाटतो, पण इथे त्याचा अर्थ पेशा. कोणी लढवय्या, कोणी जादूगार, आणि कुलपे उघडणारा, फसवाफसवीत तरबेज असा तो चोर, जो आपल्या अमर अय्यारचा सख्खा भाऊ शोभेल. या रांगेत बंदूकवाल्याला बसवायचे की नाही, हा वाद. तिकडे त्याला 'गनस्लिंगर' म्हणतात.

गायगॅक्सचे स्वतःचे उत्तर 'नाही' असे होते. ग्रेहॉक नावाच्या त्याच्या दुनियेत बारूद चालतच नसे. पण त्याचा बालमित्र डॉन के याच्या मर्लिंड या पात्राला काउबॉयसारखी दोन रिव्हॉल्व्हर हवी होती. गायगॅक्सने तोड काढली. ही रिव्हॉल्व्हर नव्हेतच, या जादूच्या छड्या आहेत. त्या मोठा आवाज करतात आणि बारीकसे पण जीवघेणे काहीतरी फेकतात! दोस्तीखातर कायदा कसा वाकतो, याचा हा मासला. पण यातून एक गोष्ट कळते. वस्तू तीच, काम तेच. तिला छडी म्हटले की चालते, बंदूक म्हटले की चालत नाही. म्हणजे अडचण वस्तूत कमी आणि आपल्या मनात त्या नावाभोवती जे साचले आहे त्यात जास्त आहे.

विरोध करणारे बहुधा इतिहासाचा आधार घेतात. तलवारीच्या जमान्यात बंदूक कुठली, असे ते म्हणतात. हा मुद्दा टिकत नाही. नखशिखान्त पोलादी चिलखत युरोपात पंधराव्या शतकात पूर्णत्वाला आले, तेव्हा हातबंदुका निघालेल्या होत्या. पुढे तर चिलखत करणारे कारागीर त्यावर गोळी झाडून पडलेला पोचा गिऱ्हाइकाला दाखवत, की पाहा, आरपार गेली नाही. रेपियर नावाची सडपातळ तलवार या खेळात कोणालाही सहज मिळते. ती तर बंदुकीहून धाकटी. 1526 मध्ये पानिपतावर बाबरच्या बाजूने उस्ताद अली कुलीच्या तोफा आणि तोड्याच्या बंदुका होत्या, आणि त्याच मैदानात तिरंदाज, घोडेस्वार आणि हत्तीही होते. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली. तिच्या आसपास पहारा देणाऱ्यांच्या कमरेला तलवारीच असणार. तेव्हा इतिहासाची साक्ष बंदुकीच्या बाजूची आहे. नकार येतो तो दुसरीकडून.

कुठून, ते पाहायचे तर ममलूकांकडे जावे लागेल. इजिप्तचे हे राज्यकर्ते मुळात गुलाम म्हणून विकत आणलेली मुले. लहानपणापासून त्यांना फुरूसिय्याची तालीम मिळे. घोडा, भाला, धनुष्य यांचा वर्षानुवर्षांचा रियाज, आणि त्याबरोबर अदब. 1516 मध्ये मर्ज दाबिकला आणि 1517 मध्ये काहिराजवळ रैदानियाला उस्मानी सुलतान सलीमच्या तोफा-बंदुकांपुढे हे घोडेस्वार कोसळले. इब्न झुनबुल या लेखकाने पुढचा प्रसंग कथेसारखा रंगवला आहे. कुर्तबाय हा ममलूक अमीर पकडून सलीमपुढे उभा केला जातो, आणि मान खाली न घालता तो सुलतानाला सुनावतो. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा की तुम्ही आम्हांला मर्दुमकीने हरवले नाही. फिरंग्यांची ही युक्ती एखाद्या बाईच्या हाती दिली तरी ती कितीतरी पुरुषांना अडवून धरेल.

हे बोलणे वाचून कोणाचाही ऊर भरून येईल. आमचाही आला. पण आमच्या शाळेतल्या भगिनी सहशिक्षकांना हे वाक्य सांगितले तर त्या लगेच विचारतील, मग त्यात वाईट काय? आणि त्यांचे बरोबर आहे. बाईच्या हाती सत्ता येण्याची शक्यता हीच कुर्तबायला शस्त्राची बदनामी वाटली. (आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात 1595-96 च्या वेढ्यात चांदबीबी तटावर उभी होती. मोगलांनी सुरुंग लावून पाडलेले खिंडार तिने रातोरात बुजवून घेतले. गोळे संपल्यावर तिने तोफांतून नाणी डागली, अशी आख्यायिका आहे. आपली अब्रू गेली असे तिला वाटल्याचे कुठे ऐकिवात नाही.) इटलीच्या आरिओस्टोचा नायक बंदूक उचलून समुद्रात फेकतो. बंदूक आली आणि मर्दानगी गेली, ही तक्रार तुर्कस्तानात कोरोग्लूच्या नावाने आजही लोकांच्या तोंडी आहे. हे रडणे मोठे सुरेल आहे, यात वाद नाही. मात्र रडणारा बहुतेक वेळा घोड्यावर बसलेला असतो. ज्याच्या अंगावरून घोडे गेले त्या शेतकऱ्याने बंदुकीबद्दल काय म्हटले, ते कोणी काव्यात घातलेले नाही.

या खेळातही ही बाजू आली आहे. पाथफाइंडर हा त्याच जातकुळीचा दुसरा खेळ. त्याच्या दुनियेत अल्केनस्टार नावाचे शहर आहे. दोन बड्या जादूगारांच्या युद्धाने आसपासचा मुलूख असा नासला की तिथे जादू धड चालत नाही. तेव्हा तिथल्या माणसांनी बंदुका घडवल्या. ज्यांच्या वाट्याला जादू आली नाही त्यांनी काय करावे, याचे हे उत्तर आम्हांला पटते. नियमही त्याच विचाराचे. 2011 मध्ये त्या खेळात गनस्लिंगर आला, तेव्हा जवळून झाडलेली गोळी चिलखताला जुमानत नाही असे ठरले. सरदाराचे हजारो मोहरांचे चिलखत आणि एका कारागिराची गोळी! इतिहासात झाले तेच टेबलावर झाले, आणि इतिहासात झाली तीच ओरडही झाली.

मग ओरड शमवायला तडजोडी आल्या. फासा वाईट पडला तर बार फुसका जातो, बंदूक बिघडते. पुन्हा भरायला वेळ लागतो. किंमत भरमसाट. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या आवृत्तीत बंदुका डंजन मास्टरच्या मर्जीवर सोडल्या होत्या. 2024 च्या आवृत्तीत त्या खेळाडूंच्या पुस्तकातल्या शस्त्रांच्या तक्त्यात सरळ येऊन बसल्या. लांब बंदूक 500 मोहरांची, लांब धनुष्य 50 चे. बंदुकीला बारा बाजूंचा फासा, धनुष्याला आठ. म्हणजे दहापट दाम मोजून मिळाले ते सरासरी दोन गुण जास्त. आणि नामांकित वीराच्या अंगी शंभरावर गुण असतात. अशा बारा गुणांच्या गोळीने त्याला खरचटते इतकेच. भांडण मिटले खरे, पण कसे? बंदुकीला जाड्या बाणाची गत आली. जी गोष्ट कोणालाही, कुठूनही, एका क्षणात मारू शकते म्हणून भीतीची होती, ती भीती काढून टाकून तिला आत घेतले. आम्हांला हा सौदा अप्रामाणिक वाटतो. आत घ्यायचीच तर बंदूक म्हणून घ्यावी.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही, कारण ते आमच्या पेशाला लागून आहे. चांगला तिरंदाज घडायला लहानपणापासूनची मेहनत लागते. बंदूक चालवणे काही आठवड्यांत शिकवता येते. मुलाला एक ओळ शुद्ध, शीन-काफ सांभाळून म्हणता यावी म्हणून आम्ही वर्ष घालवतो. हुनर आणि ताकद यांच्यामध्ये मेहनतीचा जो लांब रस्ता आहे, त्या रस्त्यातच माणूस घडतो, अशी शिक्षकाची श्रद्धा असते. फुरूसिय्याचा अर्थही तोच. हात कमावता कमावता तो कधी उचलू नये हेही शिकायचे. बंदुकीने तो रस्ता तोडला. खेळात जादूगाराचा आगीचा गोळा वीस फूट त्रिज्येच्या वर्तुळातले सगळे भाजून काढतो, सहा बाजूंचे आठ फासे एकदम पडतात. त्यावर कोणी हरकत घेत नाही. का? तर तो मंत्र त्याला पाचव्या पातळीवर मिळतो. तोवर त्याने पोथ्या पालथ्या घातल्या आहेत, मार खाल्ला आहे, साथीदार गमावले आहेत. त्याचे ते इल्म आहे. बंदूक मात्र दुकानात मिळते.

पण एवढ्यावर थांबले तर आपण पुन्हा घोडेस्वाराच्याच बाजूला जाऊन उभे राहतो. मेहनतीची संधी तरी सर्वांना सारखी कुठे असते? पोथ्या वाचायला जादूगाराला फुरसत कोणी दिली, हेही विचारावे लागेल. आम्हांला फरक दिसतो तो दुसऱ्या जागी, आणि तो दाखवायला आपली दास्तानच उपयोगी पडते.

'तिलिस्म-ए-होशरुबा' 1883 पासून लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून निघू लागली. तिच्यात जादूगार पर्वत हलवतात, आगीचे दर्या उभे करतात. पण जादूगार मेला की अंधार होतो, कल्लोळ उठतो, मारल्या गेलेल्याचे नाव घेऊन आकाशातून आवाज येतो, आणि त्याचा सेहर तुटतो. त्याने उभे केलेले त्याच्याबरोबर जाते. जादू किती का भयंकर असेना, ती करणाऱ्याच्या जिवाला बांधलेली असते. बंदूक तशी नाही. बंदूकवाला पडतो, बंदूक जमिनीवर राहते. तिला मालक ओळखता येत नाही. सूड घेणारा, पहारा देणारा, पोटासाठी लुटणारा, रागावलेले पोर, जो पहिल्यांदा वाकेल त्याची ती. आणि ती पाहून दुसरी करता येते, दुसरीवरून शंभर.

पाथफाइंडरच्या नियमकर्त्यांना हे नेमके कळले होते, असा आमचा तर्क आहे. गनस्लिंगरला सुरुवातीला एक जुनीपुराणी बंदूक फुकट मिळते, आणि नियम असा की ती नीट चालवण्याची खुबी त्या एकट्यालाच ठाऊक. दुसऱ्याच्या हाती ती मोडकी ठरते आणि विकायला गेली तर भंगाराचा भाव येतो. खेळाच्या हिशेबाने नियम बिनतोड आहे, नाहीतर पहिल्याच दिवशी कोणी ती विकून घोडा घेईल. नीतीच्या हिशेबाने मात्र ही थाप आहे. मालकाखेरीज कोणाला चालवता येत नाही अशी बंदूक दुनियेत कुठे असते? बंदुकीतली सगळ्यात खरी गोष्ट काढून घेतली आणि आवाज-धूर तेवढा ठेवला.

ही थाप न मारता बंदूक आत आणल्याचे एक उदाहरण आहे. अमेरिकेतल्या आवाज-कलाकारांचा 'क्रिटिकल रोल' नावाचा चमू 2015 पासून हा खेळ लोकांसमोर खेळतो. मॅट मर्सर गोष्ट सांगतो. टॅलिसन जाफीने घेतलेले पात्र पर्सी. पाथफाइंडर सोडून डंजन्स अँड ड्रॅगन्सकडे येताना तिथे गनस्लिंगर नव्हता, म्हणून मर्सरने त्याचे नियम स्वतः लिहिले. पर्सी सरदार घराण्यातला. पाहुणे म्हणून आलेल्या ब्रायरवुड दांपत्याने त्याच्या घरच्यांची कत्तल केली. तो वाचला. स्वप्नात धुरासारख्या एका सैतानी शक्तीने त्याला सूड देऊ केला, आणि जागा झाल्यावर त्याने बंदूक रचली. पुढे घडवलेल्या पिस्तुलाच्या नळ्यांवर त्याने मारायच्या माणसांची नावे कोरली. त्यांत एक नाव त्याच्या शिक्षकाचे होते; ते वाचून आम्ही थोडे थांबलो. दुसरे नाव ॲना रिप्ली या बाईचे, जिने त्याला छळले होते. रिप्ली हुशार. तिने पर्सीची कल्पना उचलली, स्वतः बंदुका करू लागली, आणि ही विद्या आपल्यापुरती ठेवायचा तिचा इरादा नव्हता. अखेरीस पर्सी पडतो तो तिच्या गोळीने. मित्र त्याला जादूने परत उठवतात. बंदुकीचा शोध मात्र कोणत्याही मंत्राने परत घेता येत नाही.

गोष्टीतल्या गोष्टी म्हणून हे सोडून देता येत नाही. मिखाइल कलाश्निकोव्ह डिसेंबर 2013 मध्ये वारला. त्याने अखेरच्या काळात रशियन धर्मगुरू पॅट्रिआर्क किरिल यांना लिहिलेले पत्र 2014 च्या जानेवारीत उजेडात आले. आपल्या रायफलीने माणसे मारली, तर त्या मृत्यूंचा दोष आपल्यावर येतो का, हा त्या म्हाताऱ्याचा सवाल होता. शस्त्र मायदेशाच्या रक्षणासाठी असेल तर चर्च त्याच्या पाठीशी आहे, अशी बाजू चर्चच्या प्रवक्त्याने मांडली. त्याने म्हाताऱ्याला झोप लागली असेल का? आपल्याकडे हदीसमध्ये हाबील-काबीलच्या संदर्भात येते की नाहक पडणाऱ्या प्रत्येक खुनाच्या पापाचा एक वाटा आदमच्या त्या पहिल्या मुलाकडे जातो, कारण खुनाचा रिवाज त्याने पाडला. काबीलने खून केला होता. कलाश्निकोव्हने यंत्र केले. दोन्हींत फरक आहे, आणि तो फरक मोठा आहे. पण 'रिवाज पाडणे' या शब्दांपुढे तो फरक वाटतो तितका रुंद राहत नाही.

खेळ खेळणाऱ्या मुलांनी हे सगळे डोक्यावर घ्यावे का, असे कोणी विचारील. अजगर मारायला बसलेल्या पोरांना काबीलची आठवण कशाला? एरवी आम्हीही तेच म्हटले असते. पण बंदूक हे अजगरासारखे लांबचे प्रकरण नाही. ज्या घरांना 1992-93 ची मुंबई किंवा 2001 चे मालेगाव ठाऊक आहे, तिथे 'गोळीबार' हा शब्द उच्चारला की मोठी माणसे बोलायची थांबतात. आणि ज्या देशातला हा खेळ, तिथे 24 मे 2022 रोजी टेक्सासमधल्या युव्हाल्डीच्या प्राथमिक शाळेत 19 मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. आम्ही ही बातमी शिक्षक म्हणून वाचली, हे वेगळे सांगायला नको. तिकडच्या बऱ्याच टेबलांवर आता 'एक्स कार्ड' ठेवतात. फुलीचे एक साधे कार्ड. कोणीही त्यावर बोट ठेवले की चाललेला प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचे नाही. ही रीत आम्हांला फार आवडली. तलवारीच्या प्रसंगाला त्या कार्डावर बोट क्वचितच जात असेल. तलवार आता शोभेची झाली. बंदूक अजून चालू आहे.

तरीही आमचा कौल बंदुकीला आत घेण्याच्या बाजूने आहे. हरकत घेणाऱ्यांचा मर्दुमकीचा मुद्दा आम्ही मानत नाही, आणि समतोलाचा मुद्दा हा फाशांचा हिशेब आहे, तो बसवता येतो. आमची अट वेगळी आहे. बंदूकवाला पडला की डंजन मास्टरने घाई करू नये. फासे बाजूला ठेवून टेबलावरच्या प्रत्येकाला विचारावे की बंदूक कोणी उचलली? कोणीच नाही म्हटले, तर पुढच्या गावात ती कोणाच्या हाती दिसते ते त्याने ठरवावे, आणि त्या हाताला नाव द्यावे, आईबाप द्यावेत. मुलाने बंदूकवाला मागितला तर जरूर द्यावा. सोबत त्याला सांगावे की तुझ्या बंदुकीचा नकाशा कागदावर आहे, आणि कागद तुझ्या थैलीत आहे, आणि थैल्या चोरीला जातात.

क्रिटिकल रोलची दुसरी मोहीम 2018 मध्ये सुरू झाली. दुनिया तीच, काळ पर्सीनंतर वीसएक वर्षांचा, मुलूख दुसरा. तिथल्या झादाश शहरात नव्या पात्रांना व्हिक्टर नावाचा एक दुकानदार भेटतो. तो बारूद विकतो. बोलायला मोठा गमतीदार माणूस आहे, खेळणारे हसून हसून बेजार होतात. त्याच्या हाताची बोटे शाबूत नाहीत.